खुंटीला इचार

मावशी,

कॉलेजच्या जुन्या मुलींच्या ग्रुपवर ‘मैदानाच्या मावशी गेल्या’ असा मेसेज आला, तेव्हा मला रडू आलं नाही. आधी आठवलं ते हे, की आपलं भांडण मिटायचं राहिलंय. मग राग आला. तुमचाच. भांडण अर्धं टाकून निघून जायची ही काय पद्धत झाली?

मी हडपसरला नोकरी करते, चार वर्षं झाली. ऑफिसची बस तुमच्या गल्लीच्या तोंडाशी सिग्नलला थांबते. खिडकीतून पिठाची गिरणी दिसते, तिच्या मागे तुमचं घर. चार वर्षांत मी एकदाही उतरले नाही. आज उशीर झालाय, आज हात रिकामे आहेत, आज कुणीतरी सोबत आहे. कारणांना तोटा नव्हता. खरं कारण एकच. मला वाटत होतं की तुम्ही लबाडी केलीत. आणि त्या लबाडीवर मी उभी आहे.

आता माझ्या बाजूने सगळं सांगते. मध्ये बोलू नका. तुम्हाला ती सवय होती.

कॉलेजात माझं नाव लागलं तेव्हा बाबांनी हिंजवडीच्या साइटवर पेढे वाटले. बाबा गवंडी. वाशिमहून कंपन्यांच्या भिंती बांधायला आले आणि त्या भिंतींच्या मागच्या बाजूलाच राहिले. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजचं फाटक कुणी आतल्या बाजूने पाहिलेलं नाही. माझ्या ओळखपत्रावर मोठ्या अक्षरांत मुलींच्या कॉलेजचं नाव होतं आणि खाली बारीक अक्षरांत ‘विद्यापीठाशी संलग्न’. बाबांनी त्यातलं नेमकं ‘विद्यापीठ’ वाचलं. लगेच गावी फोन. ‘पोरगी विद्यापीठात गेली बे!’ मीही दुरुस्त केलं नाही. संलग्न तर संलग्न, अठरा वर्षांच्या मुलीला त्याचं काय.

त्या शब्दाचा अर्थ मला मैदानावर कळला. प्रवेश उरकले की दरवर्षी नव्या मुलींचा खो-खोचा सामना. एका बाजूला आपल्या कॉलेजात नुकत्याच आलेल्या मुली, दुसऱ्या बाजूला विद्यापीठाच्या आवारात शिकणाऱ्या नव्या मुली. जुन्यांनी खेळायचं नाही. ना ढाल, ना प्रमाणपत्र, आणि तरी दोन्हीकडच्या बाया जीव टाकायच्या. आपण कित्येक वर्षं हरत आलो होतो. त्या मुली बसमधून उतरल्या की रेघेबाहेर उभ्या राहून टाळ्यांच्या ठेक्यावर ओरडायच्या, ‘सं-लग्न! सं-लग्न!’ जसं काही आम्ही त्यांचं शेपूट.

तुम्ही रेघांच्या फक्कीची पाटी कमरेवर घेऊन तिथेच होता.

‘काय म्हणत्यात गं त्या? लग्न कुणाचं हाय?’

‘लग्न नाही मावशी, संलग्न. म्हणजे जोडलेलं. आपलं कॉलेज त्यांना जोडलेलं आहे.’

‘मग? दाव्याला दोन टोकं असत्यात. आपण त्यांना बांधलेलं, तर ती बी आपल्याला बांधलेलीच की. जावा म्हणावं कुठं जाताय!’

हजेरीपटावर तुम्ही शिपाई. कामं दोन, मैदान झाडायचं आणि रेघा आखायच्या. खेळ शिकवायला मॅडम होत्या, चांगल्या होत्या, पण त्या शिट्टी वाजवून ऑफिसात गेल्या की खरी शाळा तुमची भरायची. ‘मी बी कॉलेजातच हाय,’ तुम्ही म्हणायचात, ‘तीस वर्षं झाली, पास तेवढी होईना.’

नव्या मुलींना तुम्ही नावाने हाक मारायच्या नाहीत. गावाने. ए सासवड. ए नारायण पेठ. माझी पाळी आली.

‘तू कुठली?’

‘हिंजवडी.’

‘कंपनीतली व्हय?’

‘नाही, बाबा कंपन्या बांधतात.’

‘म्हंजी मालकाचीच की!’ आणि पाटीतली फक्की सांडेपर्यंत हसलात. नारायण पेठेतल्या मुक्ताने मात्र तुम्हाला पहिल्याच दिवशी सुनावलं होतं, ‘अहो मावशी, मी माणूस आहे, पत्ता नाही.’ तुमचं उत्तर तयार होतं. ‘आधी जिंका, मग नावं सांगा. हरलेल्यांची नावं ध्यानात ठेवून काय करू? लई झाल्यात.’

सामन्याआधीच्या दोन महिन्यांत तुम्ही आम्हाला पळायला शिकवलं नाहीत, मोजायला शिकवलंत. रोज सकाळी अनवाणी, मधल्या पाटीपासून बाजूच्या रेघेपर्यंत, टाचेला अंगठा लावत. पाटी म्हणजे आम्ही ज्या पट्ट्यावर एक आड एक तोंड करून बसायचो ती. तिथून रेघ किती पावलांवर आहे ते प्रत्येकीने आपापलं पाठ करायचं. ‘पळताना खाली बघायला येळ नसतो. जिमीन पायाला पाठ पायजे.’ माझं माप बत्तीस आणि एक अंगठा. मुक्ताचं तीस आणि अर्धं, तिचे पाय लांब. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं, बत्तीस आणि अंगठा.

मला ते आवडलं, कारण ते घरचं होतं. बाबा म्हणतात, नजर खोटं बोलते, माप बोलत नाही. चुकीच्या मापाची भिंत कधी ना कधी बोंबलतेच.

सामन्याच्या सकाळी कॉलेजने बूट दिले. पांढरे, नवे, निळ्या पट्टीचे. माझ्या मापाचे संपले होते. मोठा नंबर मिळाला, मी पुढे कापूस कोंबला. तेवढ्यावरून पायात पहिल्यांदा आलेले असले बूट परत करणारी मी नव्हते.

मधल्या सुट्टीत डाव्या बाजूची रेघ पुसली गेली होती. तुम्ही कोपऱ्यात उकिडव्या बसलात, पदर खोचलात, हाताने माती उकरत राहिलात. आमच्याकडे पाठ होती तुमची. मग दोरी ताणलीत आणि नवी रेघ ओढलीत. मी पाणी पीत होते. बघत होते. तेव्हा मनात काहीही आलं नाही.

शेवटचं अर्धं मिनिट. एक गुण हवा होता. त्यांची सगळ्यात चपळ मुलगी समोर, दोन वेण्यांची. मुक्ताने पाठीत ‘खो’ दिला आणि मी उठले. ती डावीकडे गेली, मी डावीकडे. माझा हात तिच्यापासून वीतभर लांब होता, मावशी. मी तिला शिवलेच नाही. ती मागे बघत बघत रेघेबाहेर गेली, दोन्ही पाय बाहेर, आणि शिट्टी वाजली.

त्यांच्या बाई धावत आल्या. ‘रेघ आत आलीये! मघाशी इथे नव्हती!’

मुक्ता म्हणाली, ‘अहो, रेघ आत आली नाही, मुलगी बाहेर गेली.’

आणि तुम्ही शांतपणे, ‘फीत आणली असंल आपण, तर मोजा की म्याडम.’

फीत कुणाकडेच नव्हती. पंच म्हणाले निर्णय झाला. आपण जिंकलो. तुम्ही माझं तोंड फक्कीच्या हातांनी धरलंत, मी पांढरी झाले. विचारलंत, ‘नाव काय गं तुझं?’ मी म्हटलं, प्रणाली. ‘परनाली,’ तुम्ही म्हणालात. ऐकताना वाटलं, नाव आजच ठेवलंय.

सगळे गेल्यावर संध्याकाळी मी एकटीच मैदानावर परत आले. कशाला, तर जिंकलेली जागा डोळे भरून बघायला. आणि गंमत म्हणून पाटीपासून त्या डाव्या रेघेपर्यंत मोजत गेले. टाचेला अंगठा, टाचेला अंगठा. एकोणतीसला रेघ आली.

परत मोजलं. एकोणतीस.

तीन पावलं कमी. माझ्या डोळ्यांसमोर तुमची ती पाठ आली, कोपऱ्यात माती उकरणारी.

मी कुणाला बोलले नाही. मुक्तालासुद्धा नाही. काय बोलणार होते? त्या विजयावर मी संघात कायमची गेले, पुढे कप्तान झाले. वाशिमच्या घरात माझा फोटो भिंतीवर लागला, बाबांनी स्वतः खिळा ठोकला. नोकरीच्या मुलाखतीत विचारलं, तुम्हाला कशाचा अभिमान वाटतो? मी तो सामना सांगितला, छान रंगवून सांगितला, समोरचे माना डोलवत होते आणि मला आतून ऐकू येत होतं, एकोणतीस, एकोणतीस. पहिल्या पिढीतल्या मुलीला एक भीती कायम असते मावशी. कुणीतरी येऊन म्हणेल, तुमचं इथे काहीतरी चुकून झालंय, जरा बाजूला या. माझ्याकडे तर पुरावाच होता.

पण मी केलं ते याहून वाईट. तिसऱ्या वर्षी, नव्या मुलींच्या सामन्याच्या आदल्या सकाळी, तुम्ही दोरी सोडवत होता. भोवती दहा-बारा नव्या मुली. तुमचं ते शेवटचं वर्ष, निवृत्ती आली होती. मी कप्तान, अंगात वारं. सगळ्यांसमोर म्हणाले, ‘मावशी, यंदा तरी खरी रेघ आखा.’

तुम्ही पाटी खाली ठेवलीत.

‘म्हंजी?’

‘मी पहिल्या वर्षी मोजली होती. तीन पावलं आत होती. खरं सांगा, आत घेतली होती ना?’

तुम्ही रागावल्या असतात तर बरं झालं असतं. तुम्ही नुसतं माझ्याकडे बघितलंत, वरपासून खालपर्यंत, आणि म्हणालात, ‘मला काय इचारतीस, हिंजवडी? खुंटीला इचार.’

हिंजवडी. नाव काढून घेतलंत. आणि खुंटीला विचार म्हणजे काय, भिंतीशी बोल, गाढवापुढे गीता वाच, तसलंच काहीतरी. मला वाटलं, उत्तर नाही म्हणून टोमणा मारला. मी पाठ फिरवली. निरोप समारंभाला तुम्ही पहिल्या रांगेत नारळ घेऊन बसल्या होता, मी मागच्या दाराजवळ उभी होते. तेवढंच.

तर मावशी, मी दहाव्याला तुमच्या घरी आले. शेवटी उतरले त्या सिग्नलला. गिरणीच्या मागे जाईपर्यंत ठरवलं होतं, फोटोला नमस्कार करायचा, पाच मिनिटं बसायचं, निघायचं. दारात तुमची लेक नंदाताई होती. मी नाव सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं, आधी तोंडाकडे, मग पायांकडे. आणि दहाव्याच्या घरात, भरल्या डोळ्यांनी, ती बाई फिसकन हसली.

‘प्रणाली? म्हंजी बुटातली?’

मला काही कळेना. तिने मला आत नेऊन बसवलं, पाणी दिलं. म्हणाली, ‘तुझ्यापायी आई दोन दिवस धड जेवली न्हाई, म्हायतीय का? तीस वर्षं रेघा वडल्या, कुणी बोट दाखवलं न्हाई, अन् माझ्याच पोरीनं चारचौघीत चोर केलं, म्हणायची. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता एकदम हसायला लागली. मी म्हणलं, हिला काय झालं. तर म्हणती, अगं, ती बुटात मोजून आली! मी बघितलीया तिला त्या सांजंला, नव्या बुटात टाचंला अंगठा लावत निघालेली. मला वाटलं, बुटाचं कवतिक चाललंय पोरीचं!’

मावशी, मी तिथे बसल्या बसल्या माझ्या पायांकडे बघितलं. दोन महिने रोज अनवाणी मोजलेली जमीन मी त्या संध्याकाळी बुटात मोजली होती. मोठ्या नंबरच्या, पुढे कापूस कोंबलेल्या बुटात. गवंड्याची मुलगी मी, मापाची काठी बदलली आणि भिंतीला दोष दिला.

‘मग फोन का नाही केला मला?’ मी जवळजवळ ओरडलेच.

‘मी बी तेच म्हणलं. तर म्हणाली, सांगितलं तर मानंल ती. मानलं म्हंजी कळलं न्हवं. बूट काढंल त्या दिवशी येईल आपली आपण.’

हे मला पटलेलं नाही. आत्ताही पटत नाही. तुम्ही शहाण्या होता, कबूल. पण एका फोनने माझी चार वर्षं वाचली असती, आणि तुम्हाला गिरणीमागच्या ओट्यावर एक बडबडी मुलगी दर रविवारी मिळाली असती. तुम्ही हट्टी होता. मी तुमच्याहून हट्टी होते. सिग्नलला बस थांबायची तेव्हा तुम्ही कदाचित ओट्यावर बसलेल्या असाल, आणि मी खिडकीतून गिरणीची पाटी वाचत असेन. हे माझ्या खात्यात राहील. ते मी कुणावर ढकलत नाही.

नंदाताईने आणखी एक सांगितलं. म्हणाली, घरात ती तुला हिंजवडी कधी म्हणली न्हाई. परनालीच म्हणायची.

तेव्हा रडले. दहा दिवसांचं आणि चार वर्षांचं एकदम. पण ते रडणं वेगळं होतं मावशी. मानेवरून ओझं उतरवताना आधी मान दुखते, तसलं.

तरी खुंटीचं कोडं सुटलं नव्हतं. शेवटी मी गवंड्याचीच. बुटाने फरक पडतो हे कळलं, पण रेघ जागेवर होती कशावरून? तुम्ही माती उकरत होता ते काय होतं? नंदाताईला विचारलं तर म्हणाली, ‘मैदानातलं तिचं तिलाच ठावं. आता सविता बघती तिथं, तिला इचार.’

काल रविवारी सकाळी कॉलेजवर गेले. पुढच्या आठवड्यात नव्या मुलींचा सामना आहे. मैदानावर यंदा आलेल्या मुली होत्या, पंधरा-वीस. तुमच्या जागी आलेली सविता दोरी घेऊन उभी होती. मी म्हटलं, मी जुनी मुलगी, मला एक सांगा, तुम्ही रेघ कशावरून आखता?

‘खुंटीवरनं,’ ती म्हणाली.

‘कुठल्या खुंटीवरून?’

तिने मला वेड्यात काढल्यासारखं बघितलं. डाव्या कोपऱ्यात गेली, पदर खोचून उकिडवी बसली आणि खुरप्याने माती उकरली. तीच पाठ, मावशी. चार बोटं खाली गंजलेली लोखंडी खुंटी होती, खालून सिमेंटात पक्की केलेली. ‘चारी कोपऱ्यांना हायेत. मावशी येण्याच्या आधीपासनं. त्यांनी मला पहिल्या दिवशी हेच दाखवलं. म्हणाल्या, दोरी खुंटीला बांधायची, नजरंला न्हाई. कुणी रेघंवरनं भांडाय आलं तर आपण भांडायचं न्हाई, म्हणायचं, खुंटीला इचार.’

म्हणजे तुम्ही टोमणा मारलाच नव्हता. तुम्ही पत्ता दिला होता. मी विचारलं आणि तुम्ही सरळ, एका वाक्यात, खरं उत्तर दिलं होतं. मला चार बोटं माती उकरायची होती फक्त. पदवी घेतली, पण एवढं साधं मराठी कळलं नाही.

मी मोठ्याने हसले. मुली बघायला लागल्या. त्यातली एक धीट, कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘ताई, तुम्ही विद्यापीठाकडून आलात का? रेघ बघायला?’

‘नाही गं. इथलीच आहे. संलग्न.’

त्या हसल्या. त्यांनाही तो शब्द ऐकून झाला होता म्हणजे. मी विचारलं, त्या ओरडतील तेव्हा काय म्हणणार? मग मी तुमचं दावं सांगितलं, दोन टोकांचं. जावा म्हणावं कुठं जाताय. पहिल्यांदा माझ्या तोंडून तुमचा आवाज बरोबर निघाला. सविता म्हणाली, अगदी तश्शाच बोलायच्या.

सविताने खुंटीला दोरी बांधली, पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत ताणली आणि पाटीतून फक्की सोडत गेली. रेघ ताजी पांढरी दिसत होती. मी ऑफिसचे बूट काढले. मोजे काढले, ते बुटात कोंबले. ती धीट मुलगी म्हणाली, ‘ताई, पाय खराब होतील.’ मी म्हटलं, ‘तू कुठली?’ ‘फुरसुंगी.’ ‘फुरसुंगी, बूट काढ आणि माझ्यामागे ये.’

माती गार होती. मधल्या पाटीवर टाच टेकवली. टाचेला अंगठा, टाचेला अंगठा. मी मोठ्याने मोजत होते, मागून ती मोजत होती. एकोणतीसला मी थांबले. रेघ अजून पुढे होती, मावशी. चांगली तीन पावलं पुढे. फुरसुंगीला वाटलं मी विसरले, म्हणून तिने मागून सांगितलं, ‘ताई, आता तीस.’

तीस. एकतीस. बत्तीस.

आणि अंगठा पुढे टेकवला, तर त्याला फक्की लागली.